वहिनी बोलली

तिला एकही दीर नव्हता, तरी अर्धं शहर तिला वहिनी म्हणायचं. बँकेतली कॅशियर म्हणायची, रस्त्यापलीकडचा बेकरीवाला म्हणायचा, आणि दातांचा डॉक्टर तर तिला खुर्चीत आडवं करून म्हणायचा, "वहिनी, आता तरी तोंड उघडा," आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसायचा की हातातला आरसा हलायचा. वहिनीही हसायची. हा विनोद तिने इतक्या जणांच्या तोंडून ऐकला होता की कुठे हसायचं ते तिला पाठ झालं होतं.

याला कारण एक जुनी मालिका, 'खडकावरचं घर'. तरुणपणी तिने त्यात काम केलं होतं. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, तिथल्या दिव्याची राखण करणारा माणूस, त्याची बायको आणि त्याचा पाठचा भाऊ, एवढ्यांचीच ती गोष्ट. एका वादळी रात्री दिवा विझतो, एक होडी खडकावर आपटून फुटते, माणसं बुडतात. दिवा विझला तेव्हा राखणदार दारू पिऊन पडलेला असतो. पण आळ येतो धाकट्यावर, आणि थोरल्यावरच्या मायेपोटी धाकटा तो मुकाट्याने अंगावर घेतो. शेवटच्या भागात चौकशीला आलेला साहेब बायकोला विचारतो, त्या रात्री काय झालं? खरं काय ते तिला माहीत असतं. ती समुद्राकडे बघते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. ती काही बोलत नाही. धाकट्याला घेऊन होडी निघून जाते आणि मालिका संपते.

पहिल्यांदा दाखवली तेव्हा फारशी कुणी पाहिली नव्हती. पुढे तिच्या कॅसेटी हातोहात फिरल्या, पोरांनी आईवडिलांच्या कपाटांतून काढून पाहिल्या, आणि बघता बघता तिचा एक पंथच झाला. ही मंडळी स्वतःला 'खडकवाले' म्हणवून घेत. त्यांच्या चहाच्या मगावर वहिनीचा चेहरा असायचा आणि खाली एक अक्षर नसायचं. ते वर्षातून एकदा जमायचे आणि त्या मौनाचा अर्थ लावायचे. कुणाला त्यात करुणा दिसायची, कुणाला क्षमा. एका प्राध्यापिकेने तर त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं आणि वहिनीला भेट देताना पहिल्या पानावर 'तुमच्या न बोललेल्या शब्दांना' असं लिहून दिलं होतं. वहिनीने ते घरी आणून कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

कारण ते शब्द होते. लेखकाने लिहिले होते आणि तिने पाठ केले होते. खडकावर शूटिंगला बोटीतून जावं लागायचं आणि बोटीत सगळ्यांना उलट्या व्हायच्या. दोन उलट्यांच्या मधल्या वेळात तिने ती वाक्यं घोटली होती. बायको सगळं खरं सांगून टाकते, असंच संहितेत होतं. पण राखणदाराचं काम करणारा नट मोठा होता, त्याच्या नावावर मालिका उभी राहिली होती. ऐन शूटिंगच्या सकाळी त्याने दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. आपल्याच बायकोकडून चारचौघांत उघडा पडणारा नवरा आपण करणार नाही, लोक आपल्याला ओळखतात, म्हणाला. हे नसेल पटत तर येईल त्या बोटीने मी परत जातो.

दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. मास्तर तिच्याकडे आले आणि म्हणाले, तू काही बोलू नकोस, नुसती समुद्राकडे बघ. का ते नंतर सांगतो. नंतर काही सांगितलं नाही. ती नवखी होती, मास्तरांच्या शब्दाबाहेर जायची तिची टाप नव्हती. तिने बघितलं. अंगाचा तिळपापड झाला होता, दातांवर दात आवळलेले होते, आणि डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. मास्तरांनी कॅमेरा बंदच केला नाही. त्या रागाची पुढे लोकांनी करुणा केली.

नवऱ्याला हे सांगायची तिला कधी गरज पडली नाही. तो आवाजाच्या खात्यात होता आणि त्या सकाळी लांब काठीला लावलेला माइक तिच्याच डोक्यावर धरून उभा होता. त्यांचं जुळलं तेही तिथेच. मधल्या काळात तो मोठा नट वारला, मास्तर म्हातारे झाले, आणि वहिनीला कामं मिळत गेली ती सगळी गप्प आयांची, गप्प विधवांची, गप्प सासवांची. त्यावर घर उभं राहिलं, लेकीचं शिक्षण झालं. तक्रार करायला मला तोंडच नाही, असं ती म्हणायची. नवरा म्हणायचा, जाऊ दे.

आणि मग 'खडकावरचं घर' नव्याने होणार अशी बातमी आली.

बातमी आणली चष्मेवाल्याने. त्याचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं आणि खडकवाल्यांचा तो अध्यक्ष होता. माणूस मोठा सरळ. वहिनीच्या चष्म्याची काडी तो दर वेळी स्वतः हाताने बसवून द्यायचा. त्या दिवशी तो कुणाच्या घरी सांत्वनाला जावं तसा चेहरा करून आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला की, नव्या मालिकेत वहिनी बोलणार आहे म्हणे. वहिनीने विचारलं, काय बोलणार आहे? तर तो म्हणाला, काय का बोलेना, बोलणार आहे हेच पुरे नाही का?

पुढचे कितीतरी दिवस खडकवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. वर्तमानपत्रांत लिहिलं, चॅनेलच्या नावाने खडे फोडले. नवी वहिनी करणाऱ्या मुलीने एका मुलाखतीत 'जुन्या मालिकेचा मला आदर आहे' एवढंच म्हटलं, तर तिला तेवढ्यावरून फाडून खाल्लं. वहिनीला जो भेटेल तो म्हणायचा, तुम्हाला किती वाईट वाटत असेल. ती नुसती मान हलवायची. गप्प बसण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हताच.

सगळे भाग येऊन गेले तरी तिने एकही पाहिला नव्हता. शेवटी एका रविवारी दुपारी लेकीने दोघांना आपल्या घरी बोलावलं. लेक हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची आणि बोलायला तोडून टाकणारी होती. ती म्हणाली, आई, सगळं जग तुला मत विचारतंय आणि तू न बघताच नाक मुरडतेयस, हे काही बरं नाही. मग तिघं सोफ्यावर बसली आणि एकामागून एक भाग बघत गेली.

मालिका चांगली नव्हती. वहिनीला पहिल्या दहा मिनिटांतच ते कळलं आणि खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. खडक सारखा आभाळातून दाखवत होते, अंगठीत बसवल्यासारखा दिसत होता. दीपगृहातली खोली एवढी ऐसपैस की जुन्या मालिकेतलं अख्खं दीपगृह तिच्या मोरीत मावलं असतं. जुन्या घरात एकच खिडकी होती, तिला झडप नव्हती म्हणून पोतं लावलं होतं, आणि ते पोतं ओलं होऊन त्याचा वास यायचा. तो वास पडद्यावरूनही येतो असं लोक म्हणायचे आणि ते खरं होतं. नव्या राखणदाराचे दंड बघून लेक म्हणाली की, याला खडकावर जिम कुठे सापडली? आणि बाजा तर क्षणभर थांबायला तयार नव्हता. कुणी पाणी प्यायलं तरी व्हायोलिन. नवऱ्याला अलीकडे कमी ऐकू यायचं, त्याने कानातलं यंत्र सारखं केलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हा आवाज या समुद्राचा नाही. कुठल्यातरी वाळूच्या किनाऱ्यावरचा आवाज आणून चिकटवलाय. खडकावर पाणी असं लोळत नाही, आपटतं." आणि वैतागून त्याने यंत्र काढून खिशात टाकलं.

शेवटचा भाग लागला तेव्हा त्याने ते न सांगता परत कानात घातलं.

साहेब आला. त्याने विचारलं. नव्या वहिनीने समुद्राकडे बघितलं. मग त्या मुलीने मान वळवली आणि बोलायला लागली. वाक्यं काही ग्रेट नव्हती. लांबलचक होती, पुस्तकी होती, आणि ऐन मोक्याला व्हायोलिन आलंच. पण ती बोलली. नवरा समोर उभा असताना, त्याच्याकडे बोट करून, कुणी झोप काढली आणि कुणी माणसं बुडवली ते तिने सांगितलं. धाकट्याचे बांधलेले हात सोडले गेले.

वहिनीने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.  लेक चहा टाकायला उठली. नवरा रिकाम्या पडद्याकडे बघत होता.

"त्या सकाळी माझ्या कानाला हेडफोन होते," तो म्हणाला. "लोक म्हणतात तिथे नुसता वारा ऐकू येतो. मला तुझा श्वास ऐकू येत होता. भाता चालावा तसा. मला वाटलं, ही आता बोलणार, कुणाचंही ऐकणार नाही. मी माइक आणखी खाली आणला होता."

"मग इतकी वर्षं जाऊ दे जाऊ दे का म्हणत होतास?"

"तू बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, तुला जाऊ द्यायचं असेल."

लग्नाला एवढी वर्षं होऊन हे आज बोलणं होत होतं. वहिनीला हसावं की त्याच्या डोक्यात उशी घालावी ते कळेना.

चष्मेवाल्याने त्यानंतर एक कार्यक्रम ठरवला. जुन्या आणि नव्या मालिकेची तुलना, जाहीर, वाचनालयाच्या सभागृहात. दोन्हींचा शेवट पडद्यावर एकापाठोपाठ एक दाखवायचा आणि मग बोलायचं. मंचावर मास्तर, वहिनी, आणि नव्या मालिकेतली ती मुलगी. मुलगी येणार नाही असंच सगळे धरून चालले होते. पण ती आली. साधा शर्ट, केस घट्ट बांधलेले, बरोबर कुणी नाही. तिने वहिनीला वाकून नमस्कार केला आणि कडेच्या खुर्चीवर बसली.

मास्तरांना पायऱ्या चढवत नव्हत्या, त्यांना मागच्या दाराने आणलं. पडद्याआड वहिनीची आणि त्यांची गाठ पडली. त्यांनी तिच्या गालाला हात लावला. नंतर हलक्या आवाजात म्हणाले की, आज कुणी खोदून विचारलं तर ते जुनं उगाळू नकोस. तो बिचारा आता नाही. वहिनीने विचारलं, तुम्ही नंतर सांगतो म्हणाला होतात, ते कधी सांगणार? मास्तरांना आठवेना. किंवा आठवलं असेल. ते काठी सावरत मंचाकडे वळले.

सभागृह गच्च भरलं होतं. आधी नवा शेवट दाखवला. मुलगी पडद्यावर बोलायला लागली तसं मागून कुणीतरी तोंडाने व्हायोलिनचा आवाज काढला आणि सभागृह खो खो हसलं. नंतर प्रत्येक वाक्याला हशा. एकाने 'गप्प बस ना गं' म्हटलं, त्याला टाळ्या पडल्या. मुलगी मांडीवर हात ठेवून स्वतःलाच बघत बसली होती. तिचा चेहरा हलला नाही, पण कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. वहिनी शेजारीच होती, तिला दिसत होतं.

नंतर जुना शेवट लागला आणि माणसांनी श्वास रोखले. त्या मोठ्या पडद्यावर वहिनीने आपला तरुण चेहरा बघितला. दातांवर दात बघितले. गळ्याची फुगलेली शीर बघितली. हे एवढं ढळढळीत असून कुणालाच कसं दिसलं नाही, याचं तिला पुन्हा एकदा नवल वाटलं. पडदा काळा झाला तेव्हा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, दोघीचौघी डोळे पुसत होत्या.

प्रश्नोत्तरांत पहिल्याच माणसाने मुलीला विचारलं की, एका अजरामर गोष्टीची माती करताना तुम्हाला काय वाटलं? ती म्हणाली, मला लिहून दिलं ते मी मनापासून म्हटलं. आणखी हशा झाला. चष्मेवाल्याला हे जरा जास्त होतंय असं वाटलं असावं. त्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं. तो मनाने वाईट नव्हताच. त्याने वहिनीकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हटलं, "वहिनी, हिला रागावू नका. ती लहान आहे. फक्त एवढं सांगा, न बोलता किती बोलता येतं ते."

वहिनी उठली. माइक तिच्यापुढे आणून धरला गेला, तो तिने हाताने बाजूला केला.

"न बोलता काही बोलता येत नाही," ती म्हणाली. "मी तिथे काही बोलत नाहीये. मी संतापलेय. मला बोलायचं होतं आणि मला बोलू दिलं नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याला करुणा म्हणताय ना, ते माझं डोकं फिरलेलं आहे."

कुणीतरी हसलं, त्याला वाटलं वहिनीने गंमत केली. मग तोही थांबला.

"माझी वाक्यं होती. ती मला अजून येतात." तिने पदर खोचला, म्हणजे नुसताच हात कमरेशी नेला, त्या दिवशी साडी नव्हतीच, ती सवय त्या भूमिकेतली होती. आणि समोरच्या अंधाराकडे बघून, साहेब तिथेच उभा असल्यासारखी ती म्हणाली, "साहेब, दिवा माझ्या दिराने विझवला नाही. तो खाली दोर बांधत होता. वर माझा नवरा होता, पिऊन पडलेला. मी त्याला हलवला, तोंडावर पाणी मारलं, उठला नाही. मग मीच दिव्यापाशी गेले. दिवा लागला तोवर माणसांचं ओरडणं थांबलं होतं. हे मी नवऱ्यासमोर सांगतेय. त्याच्यामागे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाई कुणाच्या तरी शिकवण्यावरून बोलते."

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, मधे एकदा चिरकला. पण एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक बाई म्हणाली, हे सांगायची काय गरज होती? तिच्या आवाजात राग कमी आणि रडू जास्त होतं. दोन-तीन रांगा उठून बाहेर गेल्या, खुर्च्या आपटत. मास्तर मात्र शांत होते. त्यांनी माइक मागून घेतला आणि सगळं कबूल केलं, लपवाछपवी केली नाही. त्या नटाचं नाव न घेता, अडचण होती, म्हणाले. पण मग ते वहिनीकडे वळले.

"अडचणीतून घडलं, तरी जे घडलं ते मोठं घडलं," ते म्हणाले. "ती वाक्यं साधीच होती गं. ती राहिली असती तर आज हे सभागृह भरलं नसतं. मी तुला ते मौन दिलं."

"दिलं नाहीत, मास्तर. माझे शब्द घेतलेत. मौन मागे उरलं."

"पण चांगलं कुठलं? तू सांग. तू दोन्ही बघितलंस."

 वहिनीला खोटं बोलायचं नव्हतं. "मालिका तुमचीच चांगली," ती म्हणाली. "यांची भिकार आहे. समुद्रसुद्धा धड नाही. शेवटही कदाचित तुमचाच चांगला असेल, मला ठरवता येत नाही, तो माझा चेहरा आहे. पण यांच्यात ती बाई बोलते आणि तो पोरगा सुटतो. तुमच्यात तो तुरुंगात जातो आणि सगळे माझं कौतुक करतात. मला ते कौतुक आजपासून नको." मग तिने शेजारच्या मुलीकडे बघितलं. "तू बोललीस ते बरं केलंस. जरा लांबलं. पण बरं केलंस."

मुलगी इतका वेळ ताठ बसली होती, ती आता रडायला लागली. वहिनीने तिला काही समजावलं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खाली जाऊन नवऱ्याशेजारी बसली. नवऱ्याने यंत्र कानात होतं की नाही ते चाचपून बघितलं, आणि ते आहे असं कळल्यावर तिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. म्हातारीचं डोकं फिरलं, चॅनेलने विकत घेतली, मेलेल्या नटावर चिखल उडवला, ज्या ताटात खाल्लं त्यालाच छिद्र पाडलं, नाही नाही ते लोकांनी लिहिलं. एकाने चहाचा मग फोडून त्याचा फोटो टाकला. लेक म्हणाली, वाचू नकोस. वहिनी चष्मा लावून सगळं वाचायची, आणि चहा पिताना नवऱ्याला त्यातले निवडक नमुने वाचून दाखवायची. दोन माणसांनी सुचवलं की, त्या दिवशी प्रकृती बरी नव्हती असं सांगून टाका, प्रकरण मिटेल. ती म्हणाली, उलट त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी प्रकृती बरी होती.

प्राध्यापिकेचा फोन आला तो वेगळाच. सुरुवातीला ती फार दुखावलेली होती, माझ्या पुस्तकाचं आता काय, म्हणाली. पण फोन ठेवता ठेवता तिने विचारलं की, संतापावर एक नवं प्रकरण घालून दुसरी आवृत्ती काढली तर तुमची हरकत नाही ना?

चॅनेलवाल्यांनाही आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. त्यांचा गोड आवाजाचा साहेब घरी आला. 'मूळ वहिनी म्हणते, नवी वहिनी बरोबर' एवढंच कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, बाकी आम्ही बघतो. वहिनीने त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली की, म्हणते, पण पुढे माझं वाक्य पूर्ण घ्यायचं: तो एक प्रसंग सोडून तुमची मालिका भिकार आहे. त्याला वाटलं ही मानधन वाढवून मागतेय. शेवटी त्याच्या लक्षात आलं आणि तो अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

कामं थांबली. एका दिग्दर्शकाने आधी ठरलेली आजीची भूमिका दुसऱ्या कुणाला दिली. सेटवर वाद नकोत, म्हणाला. वहिनीला ते लागलं. आठवडाभर ती घरात चिडचिड करत होती, भांडी आपटत होती. पण बोलून गेल्याचा पश्चात्ताप झाला का, असं लेकीने विचारलं तेव्हा तिने लगेच नाही म्हटलं, विचार न करता.

चष्मेवाला मात्र आला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथने जायचा. असे दोन महिने गेले. एकदा वहिनी आपली आपण त्याच्या दुकानात गेली, चष्म्याचा नंबर बदलला होता हे निमित्त. त्याने न बोलता तिला खुर्चीवर बसवलं, डोळे तपासले, सगळं अगदी नियमाने केलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी तिच्याकडे पाठ करून काचा पुसत असताना तो बोलला.

"तुम्ही माझी मालिका नेलीत."

"ती माझीही होती."

"मी परत बघितली. दहा वेळा बघितली असेल. आता मला दुसरं काही दिसतच नाही. जबडा दिसतो." तो वळला. त्याचे डोळे लाल होते. "वहिनी, मी तुमच्यावर जीव टाकला तो का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझी आई तशीच आहे. वडील कसे होते ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. काकांनी घर बळकावलं. आई एका शब्दाने बोलली नाही. मला वाटायचं, तिने माफ केलंय सगळ्यांना. एवढं मोठं मन कुठून आणलं असेल, असं वाटायचं. तुमच्या चेहऱ्यात मला ती दिसायची." त्याने फडकं खाली ठेवलं. "आता मी घरी तिच्याकडे बघायला घाबरतो."

"तिला कधी विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"काय झालं होतं ते. कुणी विचारलंय का तिला आजपर्यंत?"

 कुणी नाही, तो म्हणाला. आई वरच्या मजल्यावर होती, टीव्ही बघत असेल. वहिनी म्हणाली, मी दुकान बघते, गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवते, तुम्ही जा. तो नाही नाही म्हणाला, आज नको म्हणाला, आणि असं म्हणत म्हणत जिना चढून वर गेला.

वहिनी काउंटरमागे बसून राहिली. एक बाई फ्रेम दुरुस्तीला टाकून गेली. एका मुलीने गॉगल घालून बघितले आणि काहीच घेतलं नाही. वरून टीव्हीचा आवाज येत होता, तो मधेच बंद झाला.  आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येऊ लागला, आधी हळू, शब्द न कळणारा; नंतर चढत गेला, आणि थांबेचना. मधे मधे चष्मेवाल्याचा आवाज यायचा, तो तिने दोनदा दाबून टाकला. काय बोलणं चाललं होतं ते वहिनीने ऐकायचा प्रयत्न केला नाही. संध्याकाळी तिने त्याच्या दुकानाचे दिवे लावले आणि नवऱ्याला फोन करून जेवायला थांबू नकोस म्हणून सांगितलं.

चष्मेवाला खाली आला तेव्हा झोडपून काढल्यासारखा दिसत होता. तो वहिनीसमोर बसला.

"तिने कुणालाच माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "मलासुद्धा नाही. माझं काय चुकलं ते तर मला माहीतही नव्हतं."

"थांबली का बोलायची?"

"चहा प्यायला थांबलीय. परत वर बोलावलंय."

"मग जा," वहिनी म्हणाली. "माझ्या काचा उद्या चालतील."

पुढे त्याने काकांशी बोलणं टाकलं आणि घराचं प्रकरण वकिलाकडे नेलं. आई प्रत्येक तारखेला जातीने जाते आणि वकिलालाही बोलू देत नाही असं त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. खडकवाले निम्मे फुटले. उरलेले अजून जमतात, भांडतात, आणि वहिनीला बोलावतात. ती जाते. जुनीच मालिका चांगली हे तिचं मत तिने अजून सोडलेलं नाही, आणि तिथे कुणी मौनाची तारीफ करायला लागलं की ती मधेच त्याला तोडते.